टपाल्याच्या खेळाची सावड

मी दुभाषी आहे, आणि माझ्या कामात स्वतःचं डोकं चालवायला बंदी आहे. समोरचा जपानी माणूस बोलेल ते मराठीत सांगायचं, मराठी माणूस बोलेल ते जपानीत. मध्ये आपला मीठमसाला घालायचा नाही. तळेगावच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं हे करते आहे. गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग बनतात तिथे. दिवसभर साचा, तापमान, बुडबुडा आणि ओरखडा हे चार शब्द इकडून तिकडे वाहायचे आणि संध्याकाळी लोणावळ्याला उतरून औंढ्याला घरी यायचं. स्वभाव माझा तापट आणि तोंड फटकळ. दिवसभर दुसऱ्यांचं बोलून झालं की घरी आल्यावर मी स्वतःचं बोलते, आणि ते आई-आबांना ऐकून घ्यावं लागतं.

जपानी मी पुण्यात शिकले. खरं सांगायचं तर अर्धी वर्गात शिकले आणि अर्धी व्हिडिओ गेममधून. वर्गातल्या पुस्तकात एक गृहस्थ कायम स्टेशन कुठे आहे असं विचारत हिंडायचे. त्यांना कंटाळून एका मैत्रिणीने तिच्या भावाचा हातात धरून खेळायचा गेम आणला. त्यात सगळा मजकूर जपानीत, आणि वाचल्याशिवाय पुढे जाता येईना. गावातला म्हातारा विहिरीबद्दल काय म्हणाला हेच कळलं नाही तर राक्षस मारणार कसा? महिन्याभरात मी वाचायला लागले. राक्षसही मेला. तेव्हापासून हे खेळ कुणी बनवले, कुठे बसून, कुणाच्या जिवावर, हे शोधायचा मला नाद लागला. आई त्याला खूळ म्हणते.

दोन वर्षांपूर्वी त्या खुळाचं पुस्तक करायचं ठरलं. जपानी खेळ बनवणारे स्टुडिओ आणि ते खेळ बाजारात आणणारे प्रकाशक, यांचा मराठीत इतिहास. पुण्यातल्या एका लहान प्रकाशकाने होकार दिला. हे वाचणार कोण, हे त्यांनी मला विचारलं नाही आणि मीही त्यांना विचारलं नाही, त्यामुळे आमचं पटकन जमलं.

या इतिहासातली मला आवडणारी गोष्ट अशी की सुरुवातीला त्यात कुणीच गेमवाला नव्हता. कुणी खेळणी बनवत होतं, कुणी हॉटेलात नाणं टाकून गाणी वाजवायची यंत्रं दुरुस्त करत होतं, कुणी गावोगावी सिनेमे पुरवत होतं. मग घरच्या टीव्हीला जोडायचं यंत्र आलं. आपल्याकडे ज्याला कॅसेट म्हणतात ती त्यात खुपसायची आणि खेळायचं. सगळ्यांनाच वाटलं की आपणही एक खेळ काढावा. पण कॅसेट काढणं सोपं नव्हतं. ती यंत्रवाल्या कंपनीच्या परवानगीने, आधी पैसे भरून, एकदम ढिगाने बनवून घ्यावी लागे. चार पोरांच्या स्टुडिओला हे कुठलं परवडायला? म्हणून खेळ बनवायचा त्या पोरांनी, आणि पैसे घालून, डबा छापून, जाहिरात करून विकायचा प्रकाशकाने. डब्यावर नाव प्रकाशकाचं. बनवणाऱ्यांची नावं कित्येकदा कुठेच नसत. असलीच तर खेळ पूर्ण जिंकल्यावर पडद्यावर सरकत जाणाऱ्या यादीत, आणि तीही टोपणनावं. खरी नावं कळली तर दुसरी कंपनी माणसं पळवेल अशी धास्ती होती. काही स्टुडिओंनी तर सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या नावावर खेळ बनवले आणि एक दिवस गुपचूप कुलूप लावलं. जपानमधले हौशी लोक अजून त्यांचा माग काढत बसलेत. मीही त्यांच्यातलीच, फक्त औंढ्यात बसून.

गेल्या वर्षी आमच्या कारखान्यात जपानहून एक सल्लागार आले. साठी उलटलेले, अंगाने किरकोळ, साच्यातला दोष डोळ्याने दिसायच्या आधी बोटाने चाचपून सांगणारे. कंपनीने त्यांना मळवलीला एक बंगला भाड्याने घेऊन दिला. शनिवार-रविवारी शेजारच्या बंगल्यांत गाणी लावून धिंगाणा चालायचा, त्याचंही त्यांना काही वाटत नसे. एका दुपारी मशीन बंद पडली आणि आम्ही दोघं चहा घेऊन बसलो. मी जरा भाव खायला म्हणून माझ्या पुस्तकाचं सांगायला लागले. गवताच्या चपला घालून आठ घाट चढणाऱ्या टपाल्याचा एक जुना खेळ आहे, माझा फार आवडता. तो अमुक कंपनीने बनवला आणि त्यावर मी प्रकरण लिहिते आहे, असं मी ठसक्यात सांगितलं.

"त्यांनी तो विकला," ते म्हणाले. "बनवला आम्ही."

मी चहा तसाच ठेवला आणि पिशवीतून वही काढली.

पुढचे काही आठवडे मी त्यांच्या जेवणाच्या सुटीत हक्काने समोर बसू लागले. समुद्राकाठचं लहान शहर, खाली सोयाबीनच्या पनीरचं दुकान आणि वरच्या खोलीत यांचा स्टुडिओ. हे मालक, वय सव्वीस. एकूण अकरा माणसं. हिवाळ्यात रॉकेलची एकच शेगडी, त्यामुळे जो चांगलं काम करेल त्याची खुर्ची शेगडीजवळ. पाच-सहा खेळ त्यांनी बनवले, सगळे दुसऱ्यांच्या नावावर. पुढे खेळांचा खर्च वाढत गेला, अकरा जणांचं काम चाळीस जणांचं झालं, आणि खोली रिकामी करावी लागली. हे मेव्हण्याच्या साच्यांच्या कारखान्यात गेले आणि तिथेच रमले. सांगताना आवाजात रड अजिबात नव्हती. मीच उलट मान खाली घालून डबा आवरत बसायचे.

टपाल्याच्या खेळाच्या शेवटी अकरा टोपणनावं येतात. ती मला पाठ होती, पण त्यामागची माणसं त्यांनी दाखवली. 'ओला मोजा' म्हणजे बर्फातून सायकल मारत येणारा. 'मुळा' म्हणजे लांब आणि पांढरा, तो चित्रं काढायचा. 'रविवार' ही एक बाई, बाकीचे दिवस पियानो शिकवायची आणि फक्त रविवारी येऊन संगीत करून जायची. 'छत्री' हे स्वतः. खरी नावं मात्र ते सांगेनात. खेळाच्या प्रकाशकाला त्यांनी लेखी शब्द दिला होता की तो बनवणाऱ्यांची नावं कुठे सांगणार नाही. मी तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी त्यांनी खुर्ची मागे सारून मला वाकून नमस्कार केला आणि माफी मागितली. माझ्या वडलांच्या वयाच्या माणसाने! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि आता पुन्हा विचारणार नाही असं मी कबूल केलं.

पण इच्छा काही मेली नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. ती अकरा नावं कुठल्याच भाषेत, कुठल्याच पुस्तकात छापलेली नव्हती. ती पहिल्यांदा मराठीत छापली जावीत आणि ती मी छापावीत, असं मला फार वाटत होतं. त्यात त्या माणसांबद्दलचा कळवळा किती आणि माझा तोरा किती, हे मी मोजायला गेले नाही. सल्लागारांचं काम दसऱ्याला संपणार होतं. ते गेले की नावंही गेली.

आषाढात आमची भाताची आवणी होती, म्हणजे तरव्यात दाटीने वाढवलेली रोपं उपटून खाचरातल्या चिखलात लावायचं काम. आता बहुतेकांची आवणी मजुरीने होते, पण आमच्या आळीतली पाच घरं अजून सावडीने करतात. आज तुम्ही माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या. दिवसाला दिवस. जेवण ज्याचं खाचर त्याच्याकडे. सल्लागारांना पाहायचं होतं म्हणून मी त्यांना घेऊन आले. बांधावर बसतील, फोटो काढतील, चहा पितील असं मी धरून चालले होते. त्यांनी बूट काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि सरळ ओळीत जाऊन उभे राहिले. लहानपणी आजोळी लावणी केली होती म्हणाले. हाताला वळण होतं. आमच्या शेजारची मावशी कौतुकाने म्हणाली, "पाव्हण्याचं रोप सरळ हुबं ऱ्हातंय. आमच्या पोरांचं बगा, दारू प्यायल्यागत पडत्यात." मी हे जसंच्या तसं भाषांतर केलं आणि ते चिखलात उभ्याउभ्या हसले.

दुपारी पंगत बसली. आई वाढताना प्रत्येकाचं नाव घेते, ही तिची जुनी सवय. नाव घेत वाढलं की कोण कोण आलं होतं ते तिच्या डोक्यात बसतं, आणि मग कुणाच्या घरी दिवस फेडायला जायचं ते चुकत नाही. तिने सल्लागारांचंही नाव विचारून घेतलं, तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवलं आणि मगच त्यांच्या ताटात भात वाढला. इंद्रायणीचा चिकट भात त्यांना घरच्यासारखा लागला. तीनदा घेतला.

दिवस संपल्यावर मी त्यांना रिक्षात बसवलं आणि माझ्यापुरतं ते प्रकरण संपलं. आबांचं संपलं नव्हतं.

"पाव्हण्याचा येक दिस आपल्यावर हाय," आबा रात्रीच्या जेवणाला म्हणाले.

"अवो आबा, त्यांना कुटं श्यात हाय?"

"श्यात नसंल. काम तर आसंल? बिनकामाचा मानूस कुटं आसतो व्हय?"

मी हसण्यावारी नेलं. आबांनी नेलं नाही. बेणणी, म्हणजे खाचरातलं तण काढायचं काम, उरकली, आणि श्रावणातल्या एका रविवारी सकाळी ते धोतर नेसून, कोयता गोणपाटात गुंडाळून दारात उभे. आईही लुगडं बदलून तयार. रस्त्याला पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागलेली, म्हणून आम्ही लोणावळ्याहून लोकल धरून पुढच्याच स्टेशनावर मळवलीला उतरलो. डब्यात आबांच्या गोणपाटातून कोयत्याचं टोक बाहेर डोकावत होतं. समोर बसलेलं एक जोडपं मुकाट उठून दुसरीकडे गेलं.

बंगल्यावर गवत काढायला माळी होता, भांड्यांना बाई होती. आबांनी अंगणाला एक चक्कर मारली आणि खट्टू झाले. मी सल्लागारांना सगळं नीट समजावलं, की तुमचा दिवस फेडायला हे आलेत, काहीतरी काम सांगा, नाहीतर हे इथेच बसून राहतील. मला वाटलं ते ओशाळतील आणि नको नको म्हणतील. ते गंभीर झाले. त्यांच्या आजोळी घरांची छपरं शाकारायला सगळं गाव असंच पाळीपाळीने जमायचं, आणि फेडायला आलेल्या माणसाला परत पाठवणं हा मोठा अपमान समजत, असं ते म्हणाले. थोडा वेळ विचार करून ते आत गेले आणि एक खोका घेऊन आले. जुनं यंत्र, ते आताच्या टीव्हीला जोडायची एक डबी, आणि ती कॅसेट.

त्यांचा उजवा अंगठा कामातून गेला होता. त्यांना तिसऱ्या घाटापुढे जाता येत नव्हतं. जपानला परतण्यापूर्वी एकदा शेवटची यादी बघायची होती. कुणीतरी शेवटपर्यंत खेळून इंटरनेटवर टाकलेला व्हिडिओ मी मागे त्यांना दाखवायला गेले होते, तेव्हा नको म्हणाले होते. आपल्या कॅसेटमधली, आपल्या समोर आलेली पाहिजे.

"हे काम आहे," ते म्हणाले. मी भाषांतर केलं. आबांनी कोयता भिंतीला टेकवला आणि सतरंजीवर मांडी घालून बसले.

आबांच्या खेळाबद्दल मुलीने फार बोलू नये. पहिला घाट त्यांना तासभर पुरला. "ह्यो वरनं कशाला चाललाय? खालून रस्ता हाय की," असं त्यांचं टपाल्याबद्दल मत पडलं. दुसऱ्या घाटात ओढा लागतो आणि ओढ्यात खेकडे. खेकड्याला शिवलं की टपाल्या मरतो. आबांना खेकडा दिसला रे दिसला की ते टपाल्याला तिकडेच पळवायचे. मी म्हणायचे, आबा, लांब राहा, उडी मारा. पुढच्या खेपेला परत तेच.

"आगं येवढा मोठा खेकडा," आबा वैतागून म्हणाले, "आन् सोडून जायाचा?"

साठ पावसाळे ओढ्याकाठी खेकडे धरलेल्या माणसाचा हात त्याला कसा ऐकणार? मी हे जपानीत सांगितलं आणि सल्लागार इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. तो खेकडा 'मुळा'ने काढला होता. रोज बाजारात जाऊन टोपलीतल्या खेकड्यांपुढे बसून काढायचा. खेकडा बघून पळत सुटणारे लोक त्यांनी पुष्कळ पाहिले होते, पण त्याला धरायला धावलेला माणूस कॅसेट निघाल्यापासून हा पहिलाच. 'मुळा'ला हे कळायला हवं होतं, असं ते दोनदा म्हणाले.

दुपारी त्यांनी आम्हाला जेवू घातलं. काम ज्याचं, जेवण त्याचं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. भाताचे मूठभर गोळे, त्यात खारवलेलं काहीतरी, आणि शेवयांचं कालवण. आईने सगळं संशयाने खाल्लं आणि सगळं संपवलं. जेवण झाल्यावर ती आबांना म्हणाली, "सरा. तुमच्यानं न्हाई व्हायचं. आना हिकडं ती रिमूट."

आईने आयुष्यात टीव्हीचा आवाज कमीजास्त करण्यापलीकडे काही दाबलं नव्हतं. पण सकाळभर ती आबांच्या मागे बसून बघत होती, म्हणजे मला वाटलं बघत होती. तिने पहिला ओढा ओलांडला, दुसरा ओलांडला. डोळे पडद्याकडे धड नव्हतेच, मान थोडी कलती. चौथ्या घाटाला सल्लागार खुर्चीच्या कडेला आले.

"त्यांना विचार, उडी केव्हा मारायची हे त्या कशावरून ठरवतात."

मी विचारलं. आई म्हणाली, "गाण्यावर. त्ये टुंग वाजलं का उडायचं. आवणीला गानं आसलं का हात कसा आपसूक पडतोय, तसंच हाय की."

ते खुर्चीवरून उतरून सतरंजीवर आईशेजारी बसले. मग म्हणाले, "'रविवार'ने तसंच बांधलं होतं. प्रत्येक ओढ्याला एक ठोका. ती आम्हाला म्हणायची, कुणाच्या लक्षात येणार नाही. आणि कुणाच्या आलं नाही."

आईला मी हे सांगितलं, तर तिने फक्त मान हलवली. तिला सहावा घाट लागला होता. मेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नव्हती. प्रत्येक घाटाच्या शेवटी एक परवलीचा शब्द असतो, तो घातला की तिथूनच पुढे. तो मिळाला की सल्लागार कागदावर टिपून ठेवत. सातव्यात ती बऱ्याच वेळा पडली आणि टपाल्याला दोन अस्सल शिव्या घातल्या. त्या मात्र मी भाषांतरात गाळल्या. ऊन कलायला लागलं तेव्हा आठवा घाट सरला. टपाल्याने एका घराच्या दारात पत्र ठेवलं, वहाणा काढल्या, आणि काळ्या पडद्यावर नावं वर सरकू लागली.

"ही कोन मानसं?" आईने विचारलं.

"ज्यांनी हा खेळ बनवला ती. टोपणनावं आहेत."

"आन् खरी?"

"ती ते न्हाई सांगत."

आई माझ्याकडे वळली. "आसं कसं? येवढी मानसं राबली, आन् नावंच न्हाईत? मंग त्येंचे दिस कोन फेडायचं? विचार त्यास्नी."

मी विचारणार नाही असं कबूल केलं होतं. पण माझं काम बोललेलं पलीकडे पोचवायचं आहे, त्यातलं काय पोचवायचं ते निवडायचं नाही. आई विचारते आहे, मी नाही, असं आधी सांगून मी तिचं बोलणं शब्दाला शब्द जपानीत सांगितलं. दिवस फेडायचा या शब्दांना ते थबकले. यादी संपून पडदा स्थिर झाला होता.

मग ते आईकडे बघून बोलू लागले, माझ्याकडे नाही. एक टोपणनाव, आणि त्याच्यापुढे खरं नाव, आडनावासकट. आई पंगतीत वाढताना म्हणते तसं प्रत्येक नाव आपल्या तोंडात दोनदा घोळवत होती. चुकलं की ते हळूच दुरुस्त करत. आबा मध्येच विचारत, "ह्यो सायकलवाला का?" 'रविवार'चं नाव सांगताना सल्लागार मध्येच पाणी प्यायला थांबले, आणि आई म्हणाली, "घ्या की दमानं." दहा नावं झाली.

"येक ऱ्हायलं," आई म्हणाली. तिने बोटांवर मोजली होती.

सल्लागारांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. आई हसली. ते नाव तिला आवणीच्या दिवसापासून येतच होतं.

परतताना मळवलीच्या फलाटावर मी फणफणत बसले होते. दहाही नावं माझ्या कानात होती आणि मी ती लिहू शकत नव्हते. त्यांनी ती मला सांगितली नव्हती. दुभाष्याच्या कानावर पडलेलं दुभाष्याचं नसतं, हे मीच कारखान्यातल्या नव्या मुलींना शिकवते. आईला म्हटलं, "तू तरी सांग मला." तर म्हणाली, "तुजी सावड न्हवती ती. माजी व्हती." आबा कोयता मांडीवर घेऊन समाधानाने डुलक्या काढत होते. दिवस फिटला होता.

तीन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. चौथ्या दिवशी कारखान्यात सल्लागारांनी स्वतःहून मला थांबवलं. करारावर सही एकट्या त्यांची होती, ते म्हणाले. गप्प राहायचा शब्द त्यांनी दिला होता, बाकी दहा जणांनी कुणाला काहीच लिहून दिलं नव्हतं. इतकी वर्षं ते आपल्या शब्दात त्या दहा जणांना कोंडून बसले होते, आणि हे त्यांच्या ध्यानात आलं ते आईने दिवस कोण फेडणार असं विचारल्यावर. पुढचा महिनाभर ते जपानला फोन करत होते. जे हयात होते त्यांना विचारलं, जे नव्हते त्यांच्या घरच्यांना विचारलं. 'मुळा'ला आबांचा खेकडाही सांगितला. 'रविवार' अजून पियानो शिकवते. माझ्या आईने ठोका ओळखला हे तिला कळलं तेव्हा ती फोनवर आधी रडली, मग हसली, असं त्यांनी मला सांगितलं.

दसऱ्याच्या आठवड्यात, निघण्यापूर्वी, त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलेला एक कागद माझ्या हातात दिला. दहा नावं. अकराव्या ओळीत फक्त 'छत्री'.

मी वाद घातला. आता वाद घालायची मुभा होती, कारण मी माझंच बोलत होते. ज्या प्रकाशकाला शब्द दिला तो दुसऱ्या कंपनीत विलीन झाला, ती कंपनी तिसरीत विरघळली, पाटीसुद्धा उरली नाही. मग शब्द पाळायचा कुणासाठी?

"कंपनी गेली," ते म्हणाले. "मी आहे की."

मी वाकून नमस्कार केला, आणि त्या दिवशी वर बघायला मला जरा वेळच लागला.

पुस्तक या उन्हाळ्यात आलं. ते प्रकरण त्यांनी सांगितलं तसंच आहे. दहा नावं, त्यापुढे कोण काय करायचं, आणि शेवटी 'छत्री'. मी पहिली प्रत आईला दिली. आई चौथीपर्यंत शिकलेली, ओळीवर बोट ठेवून वाचते. बाकीचं पुस्तक तिने उलटलंसुद्धा नाही. नावांचं पान काढायला लावलं आणि ओसरीत उजेडाला बसून एकेक नाव मोठ्याने वाचलं, सगळी ओळखीची असल्यासारखी. दहा झाल्यावर बोट थांबलं.

"पाव्हण्याचं कुटाय?"

मी तिला समजावलं. त्यांनी सही केली होती, त्यांना शब्द पाळायचा आहे, म्हणून मीही ते छापलं नाही, आणि कधी छापणार नाही.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. आबांच्या खिशातलं बॉलपेन मागून घेतलं, चष्मा पुसला, आणि 'छत्री'च्या पुढे, रेघेच्या वर खाली जात, त्यांचं अख्खं नाव लिहून काढलं.

"आई, अगं," मी म्हणाले.

"मी कुटं सही केलीया?" ती म्हणाली, आणि शाई वाळावी म्हणून पानावर फुंकर घालत बसली.